पांच वर्षांचें जहाज

इ. स. १८९० च्या डिसेंबर महिन्यांत मुंबई बंदरांत एक रशियन क्रूझर येऊन नांगरली. रशियाचा युवराज निकोलस पूर्वेकडील देश पाहावयास निघाला होता. हाच पुढें रशियाचा शेवटचा झार झाला. त्याच्या प्रवासाकरितां नेमलेली ही नवी पोलादी क्रूझर वाफेवर चालणारी असून तिचें नांव ‘पाम्यात आझोवा’ असें होतें. ह्या दोन शब्दांचा अर्थ ‘आझोव्हची स्मृति’. लढाऊ जहाजांना राजांचीं, सेनापतींचीं, नद्यांचीं किंवा विजयांचीं नांवें देण्याची चाल सर्व देशांत आहे. परंतु एका जहाजास दुसऱ्या जहाजाच्या आठवणीचें नांव द्यावें, ही गोष्ट विरळा.

ज्या ‘आझोव्ह’ची ही स्मृति, तें शिडांचें जहाज त्यापूर्वीं जवळजवळ साठ वर्षें मोडीत निघालें होतें. त्याचें एकंदर आयुष्य अवघें पांच वर्षांचें. त्याच्या वांट्यास मोठी लढाई आली ती एकच, आणि तीहि सुमारें चार तासांची. त्याच लढाईंत, त्याच बाजूनें लढलेलें आणि मुख्य सेनापतीचें निशाण मिरविणारें जहाज मात्र आमच्या मुंबईच्या गोदींत बांधलेलें होतें. त्याचें नांव ‘एशिया’. निकोलसची क्रूझर मुंबईस आली त्या वेळीं हें ‘एशिया’ इंग्लंडांतील पोर्ट्समथ बंदरांत अद्याप तरंगत होतें. पांच वर्षें जगलेल्या जहाजाची आठवण घेऊन त्याच्या देशाची क्रूझर अर्धी पृथ्वी ओलांडून येते, आणि चौऱ्यायशीं वर्षें टिकलेल्या जहाजाची आठवण त्याच्या जन्मगांवीं राहत नाहीं, हें असें कां व्हावें? ‘आझोव्ह’ची हकीकत सांगतां सांगतां ह्या प्रश्नाचा थोडा विचार करावा, असा आमचा हेतु आहे.

‘आझोव्ह’चा जन्म रशियाच्या अगदीं उत्तरेस, श्वेतसमुद्राच्या कांठीं, आर्खान्गेल्स्कजवळच्या सोलोंबाला येथील गोदींत झाला. १८२५ च्या शरद ऋतूंत बांधणीस आरंभ झाला आणि १८२६ च्या जूनमध्यें जहाज पाण्यांत सोडण्यांत आलें. म्हणजे सारें काम सात महिन्यांच्या सुमारास उरकलें. ज्या प्रदेशांत वर्षांतील निम्मे महिने पाणी गोठलेलें असतें, तेथें घाई करणें हा कारागिरांचा स्वभावच होऊन बसतो. जहाज चौऱ्याहत्तर तोफांचें होतें. त्या काळीं समुद्रावरील मोठ्या लढाईंत जहाजें एकामागें एक अशी रांग धरून उभीं राहत आणि बाजूच्या तोफांचा एकदम भडिमार करीत. ह्या रांगेंत उभें राहण्याइतकें बळ ज्याच्या अंगीं असे, अशा दुमजली तोफांच्या जहाजांत चौऱ्याहत्तर तोफांचा नमुना सर्व युरोपांत सोईचा मानला गेला होता. ‘आझोव्ह’ हें नांव डॉन नदीच्या मुखाजवळील किल्ल्याचें. पीटर दि ग्रेट ह्यानें तो १६९६ सालीं तुर्कांपासून जिंकला होता.

जहाज चांगलें होतें. पण त्यास जो कप्तान लाभला तो त्याहूनहि चांगला होता. मिखाइल लाझारेव्ह ह्यानें तरुणपणीं इंग्रजी आरमारांत कांहीं वर्षें राहून तेथील शिस्त शिकून घेतली होती. १८१९ ते १८२१ ह्या काळांत दक्षिणध्रुवाकडील बर्फाळ खंडाच्या शोधास गेलेल्या दोन रशियन जहाजांपैकीं ‘मीर्नी’ हें त्याच्या हाताखालीं होतें. ‘आझोव्ह’वर येण्यापूर्वींच त्याच्या पृथ्वीप्रदक्षिणा झालेल्या होत्या. अशा माणसाच्या जहाजावर नेमणूक होणें हें तरुण अधिकाऱ्यांस भाग्याचें वाटे, पण सुखाचें वाटत असेल असें नाहीं. त्याच्या हाताखालीं जे तरुण आले त्यांपैकीं तीन नांवें वाचकांनीं ध्यानांत ठेवावीं. पावेल नाखिमोव्ह हा लेफ्टनंट, वय पंचविसाच्या आसपास. व्लादिमिर कोर्निलोव्ह हा एकविशींतला. आणि व्लादिमिर इस्तोमिन हा तर अठरा वर्षांचाहि पुरता नसलेला उमेदवार. कोर्निलोव्हविषयीं अशी आख्यायिका आहे कीं, त्यास फ्रेंच कादंबऱ्यांचा फार नाद होता. लाझारेव्हनें एके दिवशीं त्या साऱ्या कादंबऱ्या समुद्रांत भिरकावून दिल्या आणि त्यांच्या जागीं नौकाशास्त्राचे ग्रंथ त्याच्या हातीं ठेवले. आम्ही जन्मभर वाङ्मय शिकवीत आलों असल्यामुळें ही गोष्ट ऐकून आमच्या मनास किंचित् लागतें खरें. तथापि पुढील इतिहास पाहतां लाझारेव्हचें चुकलें असें म्हणवत नाहीं.

आतां ‘आझोव्ह’ भूमध्यसमुद्रांत कशास गेलें तें सांगितलें पाहिजे. १८२१ पासून ग्रीक लोक तुर्की सत्तेविरुद्ध उठले होते. सुलतानानें ईजिप्तच्या महंमद अलीस साहाय्यास बोलाविलें, आणि त्याचा मुलगा इब्राहिम पाशा हा फौज व आरमार घेऊन १८२५ सालीं मोरियांत उतरला. ग्रीकांचा पाडाव होण्याचा रंग दिसूं लागला. तेव्हां इंग्लंड, फ्रान्स आणि रशिया ह्यांनीं जुलै १८२७ मध्यें लंडन येथें तह करून उभय पक्षांवर युद्धतहकुबी लादण्याचें ठरविलें. ग्रीकांविषयींची सहानुभूति ह्यांत होतीच. परंतु दुसरीं दोन राष्ट्रें एकट्यानेंच कांहीं साधून घेतील ही परस्परांविषयींची भीतिहि तितकीच होती. बाल्टिक समुद्रांतून सेन्याविन ह्या वृद्ध सेनापतीच्या हाताखालीं रशियन आरमार पोर्ट्समथपर्यंत आलें. तेथून चार मोठीं जहाजें व चार फ्रिगेटें निवडून तीं हेडेन ह्या सेनापतीबरोबर भूमध्यसमुद्रांत पाठविण्यांत आलीं. हेडेनचें निशाण ‘आझोव्ह’वर चढलें.

ग्रीसच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर नाव्हारिनो नांवाचा उपसागर आहे. तोंड अरुंद, आंत पाणी प्रशस्त. तेथें तुर्क व ईजिप्त ह्यांचें सत्तरांहून अधिक लहानमोठ्या जहाजांचें आरमार घोड्याच्या नालाच्या आकारांत नांगर टाकून उभें होतें. २० ऑक्टोबर १८२७ रोजीं दुपारीं इंग्रज सेनापति कॉड्रिंग्टन हा तिन्ही राष्ट्रांचीं सुमारें सत्तावीस जहाजें घेऊन त्या नालाच्या आंत शिरला. पुढें इंग्रज, त्यांच्या मागें द रिग्नी ह्याच्या हाताखालील फ्रेंच, आणि सर्वांत मागें रशियन. युद्ध पुकारलेलें नव्हतें. धाक घालण्याचा हेतु होता. परंतु तोफा भरलेल्या दोन आरमारांमध्यें कांहीं हातांचेंच अंतर राहिलें म्हणजे धाकाचें रूपांतर युद्धांत होण्यास एक बंदूक पुरते. इंग्रजांच्या एका होडीवर गोळी झाडली गेली, तिला उत्तर मिळालें, आणि दोन वाजल्यानंतर थोड्याच वेळांत सारा उपसागर पेटला.

मागून येणाऱ्या रशियन जहाजांस त्यामुळें सर्वांत कठीण प्रसंग आला. वारा मंद, धूर दाट, आणि दोन्ही बाजूंच्या तोफा आधींच चालू झालेल्या. त्या धुरांतून ‘आझोव्ह’ आपल्या ठरलेल्या जागीं गेलें, नांगर टाकला, शिडें गुंडाळलीं, आणि मग लढूं लागलें. येथें पळणें नाहीं, पाठलाग नाहीं, वाऱ्याचा फायदा घेण्याचें कौशल्य नाहीं. दोन्हीकडचीं जहाजें एका जागीं बांधल्यासारखीं उभीं. ज्याचे गोलंदाज जलद भरतील व नेमका नेम धरतील तो जगेल. रशियन वृत्तांतांप्रमाणें ‘आझोव्ह’ एकाच वेळीं पांच शत्रुजहाजांशीं झुंजत होतें. त्यानें दोन फ्रिगेटें व एक कॉर्व्हेट बुडविलें, आणि ‘एशिया’शीं लढणाऱ्या ईजिप्शियन सेनापतीच्या जहाजाची पिछाडी आपल्याकडे वळलेली दिसतांच चौदा तोफा त्याच्याकडे फिरविल्या. उलट ‘आझोव्ह’ स्वतः अत्यंत कचाट्यांत सांपडलें असतां ‘ब्रेस्लॉ’ ह्या फ्रेंच जहाजाच्या कप्तानानें आपली जागा सोडून त्याच्या साहाय्यास धांव घेतली. नेपोलियनची मॉस्कोवरील स्वारी होऊन पंधराच वर्षें लोटलीं होतीं. त्या स्वारींतील दोन शत्रु येथें एकमेकांचे प्राण वांचवीत होते.

संध्याकाळपर्यंत तुर्क-ईजिप्शियन आरमाराची पन्नासांहून अधिक जहाजें नष्ट झालीं व त्यांवरील हजारों माणसें मेलीं. मित्रराष्ट्रांचें एकहि जहाज बुडालें नाहीं. ‘आझोव्ह’च्या अंगावर गोळ्यांच्या १५३ जखमा मोजण्यांत आल्या, त्यांपैकीं सात पाण्याच्या रेषेखालीं होत्या. डोलकाठ्या इतक्या खिळखिळ्या झाल्या होत्या कीं त्यांस शिडांचा भार पेलवेना. जहाजावरील २४ माणसें मेलीं व ६७ जखमी झालीं. लंडनच्या मुत्सद्यांस हा विजय इतका अडचणीचा वाटला कीं, पुढील जानेवारींत राजाच्या भाषणांत त्याचा उल्लेख दुर्दैवी प्रसंग अशा अर्थाच्या शब्दांनीं करण्यांत आला, आणि वर्ष संपण्यापूर्वीं कॉड्रिंग्टनला परत बोलाविण्यांत आलें. रशियांत उलट झालें. लाझारेव्हला बढती मिळाली, आणि ‘आझोव्ह’ला सेंट जॉर्जचें निशाण देण्यांत आलें. रशियन आरमारांत असा मान मिळविणारें हें पहिलें जहाज. शिवाय झार निकोलस पहिला ह्यानें अशी आज्ञा केली कीं, हें निशाण लावणारें ‘आझोव्हची स्मृति’ ह्या नांवाचें एक जहाज आरमारांत सदैव असावें.

ही आज्ञा लवकरच उपयोगीं पडली. माल्टा येथें दुरुस्ती करून ‘आझोव्ह’ पुन्हा कामास लागलें. १८२८ सालीं रशिया व तुर्कस्तान ह्यांच्यांत युद्ध जुंपल्यावर हेडेनच्या आरमारानें दार्दानेल्सची नाकेबंदी केली, तींत तें होतें. १८३० च्या वसंतांत तें क्रोनश्टाटला परतलें, आणि १८३१ सालीं तें मोडून टाकण्यांत आलें. कोणत्याहि शत्रूनें त्यास बुडविलें नाहीं. उत्तरेकडील पाइन व लार्च ह्यांचें, पुरतें न मुरलेलें लांकूड, आणि त्यावर पडलेले तोफेचे दीडशें घाव, ह्यांनींच त्याचा शेवट केला. आर्खान्गेल्स्कचीं बहुतेक जहाजें अल्पायुषी असत; ‘आझोव्ह’ त्यांतहि अल्पायुषी ठरलें.

ह्याच्या शेजारीं ‘एशिया’ ठेवून पाहावें. हें चौऱ्यायशीं तोफांचें जहाज १८२४ सालीं मुंबईच्या गोदींत नवरोजी जमशेटजी वाडिया ह्यांच्या देखरेखीखालीं तयार झालें. वाडियांच्या मूळ पुरुषानें, म्हणजे लवजी नसरवानजी ह्यांनीं, सुरतेहून मुंबईस येऊन १७३६ च्या सुमारास हें काम हातीं घेतलें होतें, आणि तें पिढ्यानुपिढ्या त्या घराण्यांत चाललें. लांकूड मलबारच्या जंगलांतील साग. ओकच्या लांकडांतील आम्ल लोखंडी खिळ्यांस खातें. सागांतील तेल त्यांस जपतें, कीड दूर ठेवतें आणि सहसा कुजूं देत नाहीं. नाव्हारिनोंत ‘एशिया’ची मागची डोलकाठी तोफांनीं कोसळली; पण धड शाबूत राहिलें. पुढें तें पोर्ट्समथ येथें बंदररक्षक जहाज म्हणून उभें राहिलें, आणि १९०८ सालीं मोडण्याकरितां विकलें गेलें. वाडियांच्या हातचें त्याहून जुनें ‘त्रिंकोमाली’, जें १८१७ सालीं मुंबईंत पाण्यांत सोडण्यांत आलें, तें तर इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजहि तरंगत आहे. कारागिरीची परीक्षा काळ घेतो असें म्हणावयाचें तर त्या परीक्षेंत मुंबई पहिली आणि आर्खान्गेल्स्क शेवटचें.

मग ‘आझोव्ह’चें मोठेपण कशांत? आमच्या मतें तें त्याच्या फळ्यांत नसून त्या फळ्यांवर उभ्या राहिलेल्या माणसांत आहे. लाझारेव्ह पुढें काळ्या समुद्रावरील आरमाराचा अधिपति झाला आणि १८५१ सालीं मरेपर्यंत त्यानें तें आरमार घडविलें. नाखिमोव्ह, कोर्निलोव्ह व इस्तोमिन हे तिघेहि त्याच्या मागोमाग तेथें आले. ‘आझोव्ह’वर जें ते शिकले तें त्यांनीं आपआपल्या जहाजांवर शिकविलें. तोफा जलद भराव्या, खलाशांस ओळखावें, कप्तानानें सर्वांआधीं उठावें, ह्या गोष्टी ग्रंथांतून येत नाहींत; त्या एका माणसाकडून दुसऱ्याकडे, पाहून पाहून, जात असतात. जहाज ही अशी शाळा आहे कीं जिची इमारत मोडली तरी वर्ग चालू राहतो.

ह्या शाळेची शेवटची परीक्षा मोठी दारुण झाली. नोव्हेंबर १८५३ मध्यें नाखिमोव्हनें सिनोप येथें तुर्की आरमार नांगरावर असतांनाच जाळलें. नाव्हारिनोचाच धडा त्यानें गिरविला होता. परंतु ह्या वेळीं इंग्लंड व फ्रान्स दुसऱ्या बाजूस गेलीं. मार्च १८५४ मध्यें त्यांनीं युद्ध पुकारलें, आणि सप्टेंबरांत त्यांचीं सैन्यें क्रिमियांत उतरलीं. त्यांच्याजवळ वाफेचीं जहाजें होतीं. रशियन आरमार बहुतांशीं शिडांचें. बाहेर पडून लढावें असें कोर्निलोव्हचें मत होतें. पण अखेर सेव्हास्तोपोलच्या बंदराचें तोंड बंद करण्यासाठीं रशियनांनीं स्वतःचींच पांच मोठीं जहाजें व दोन फ्रिगेटें तेथें बुडविलीं. खलाशी किनाऱ्यावर आले, तोफा बुरुजांवर चढल्या, आणि दर्यावर्दी सेनापति जमिनीवर लढूं लागले. कोर्निलोव्ह ऑक्टोबर १८५४ मध्यें मालाखोव्ह टेकडीवर पडला. इस्तोमिन मार्च १८५५ मध्यें त्याच आघाडीवर मारला गेला. नाखिमोव्हला जुलैमध्यें त्याच टेकडीवर गोळी लागली व दोन दिवसांनीं त्यानें प्राण सोडला. ज्यांच्या खांद्यास खांदा लावून हे तिघे तरुणपणीं लढले होते त्यांच्याच तोफाबंदुकांनीं त्यांस मारलें. सेव्हास्तोपोलच्या सेंट व्लादिमिर देवालयांत लाझारेव्हच्या शेजारीं त्या तिघांस पुरण्यांत आलें. ‘आझोव्ह’चा कप्तान व त्याचे तीन शिष्य तेथें एकत्र आहेत.

झारच्या आज्ञेनें राखलेल्या नांवाची गति मात्र निराळी झाली. त्या नांवाचीं एकामागून एक जहाजें झालीं. आरंभीं उल्लेखिलेली क्रूझर त्यांतलीच. मुंबईंतच युवराजाचा भाऊ जॉर्ज आजारी पडला व त्यास ज्या क्रूझरनें परत नेलें तिचें नांव ‘अ‍ॅडमिरल कोर्निलोव्ह’ होतें; म्हणजे त्या हिवाळ्यांत आमच्या बंदरांत जहाज आणि त्याचा शिष्य ह्या दोघांचीं नांवें एकत्र आलीं होतीं. पुढें १९०६ सालीं ‘पाम्यात आझोवा’वरील खलाशांनीं रेव्हालजवळ बंड केलें. तें मोडण्यांत आलें, आणि १९०९ सालीं जहाजाचें नांवहि बदलून ‘द्विना’ असें करण्यांत आलें. १९१७ च्या क्रांतीनंतर जुनें नांव परत आलें. पण ऑगस्ट १९१९ मध्यें क्रोनश्टाटच्या बंदरांत इंग्रजांच्या लहानशा पाणतीर-होड्यांनीं त्या जहाजास बुडविलें. ‘एशिया’च्या शेजारीं मिळविलेली कीर्ति ज्या नांवांत सांठविली होती, तें नांव ‘एशिया’च्याच निशाणाखालील लोकांनीं तळास पोंचविलें. आज्ञेनें नांव टिकतें, त्यांतील जीव टिकत नाहीं, असाच ह्याचा अर्थ आम्ही घेतों.

आतां पुन्हा मुंबईकडे वळूं. ‘एशिया’चें लांकूड आमचें, हात आमचे, निशाण मात्र दुसऱ्याचें होतें. त्यावर उभें राहून जे अधिकारी शिकले ते इंग्रज होते, आणि तें त्यांनीं आपल्या देशास नेलें. त्यांत त्यांचा दोष नाहीं. आमच्या किनाऱ्यावर अशी शाळा कधीं नव्हतीच असें मात्र कोणीं समजूं नये. कान्होजी आंग्रे ह्यांच्या काळीं ह्याच सागाच्या जहाजांवर मराठी तांडेल व गोलंदाज तयार होत होते. ती शाळा फेब्रुवारी १७५६ मध्यें विजयदुर्गास बंद पडली. तुळाजी आंग्र्यांचें आरमार बंदरांत नांगरावर असतांच जळून गेलें. समुद्रावरून आलेले तें इंग्रज होते, आणि जमिनीवरून त्यांच्या साहाय्यास आलेलें सैन्य पेशव्यांचें होतें. त्यानंतर अडुसष्ट वर्षांनीं मुंबईच्या गोदींतून ‘एशिया’ बाहेर पडलें. गोदी राहिली, शाळा गेली. तुळाजीनें पेशव्यांस कमी त्रास दिला होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु घरांतील भांडण मिटवितांना पिढ्यांची विद्या आपल्या हातानें जाळली जात आहे, हें पुण्यांत कोणाच्या ध्यानांत आलें असतें तर बरें झालें असतें.

स्वातंत्र्यानंतर १९५१ सालीं मुंबईंतील नौदलाच्या तळास आंग्र्यांचें नांव देण्यांत आलें, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि नुसतें नांव किती तारतें हें ‘पाम्यात आझोवा’च्या हकीकतीवरून वर दिसलेंच आहे. आमची इच्छा त्याहून लहान आहे. ‘आझोव्ह’ची हकीकत सांगण्यास रशियन लेखकांची वाण पडली नाहीं. ज्या जहाजाच्या बांधणींत मुंबईच्या सुतारांचे हात लागले, जें नाव्हारिनोच्या धुरांत उभें राहिलें आणि चौऱ्यायशीं वर्षें टिकलें, त्या ‘एशिया’चें साद्यंत चरित्र एखाद्या तरुण अभ्यासकानें मराठींत लिहावें. त्यांत निशाणाचा अभिमान मिरवितां येणार नाहीं हें खरें. पण हातांचा मिरवितां येईल, आणि शाळा कशी गेली तें निदान लिहून राहील.